दहाचे नाणे, रुपयाचे चिन्ह आणि जुन्नरचे शिलालेख

दहा रुपयांचे नाणे 'चालत नाही' असे सांगणारा दुकानदार पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आता नवलाचा राहिलेला नाही. गेली आठ-दहा वर्षे ही अफवा कधी वर येते, कधी खाली बसते. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कोणत्याही बाजारात ही तक्रार कानावर येतेच. नाणे उलटेसुलटे करून पाहायचे आणि परत हातावर ठेवायचे. कारण विचारले तर कोणी म्हणतो, यावर रुपयाचे चिन्हच नाही. कोणी म्हणतो, याच्या वरच्या रेषा पंधरा आहेत, खऱ्याला दहाच असतात. कोणी काहीच म्हणत नाही, 'पुढं कोणी घेत नाही' एवढेच सांगतो. यात मरतो कोण? ज्याच्या खिशात त्या दिवसाची मजुरीच नाण्यांत आलेली आहे तो. घाटघर-आपटाळेकडून नारायणगावला मजुरीला उतरलेला आदिवासी, किंवा आहुपे-तळेघरकडून एसटीने मंचरला आलेली म्हातारी. मोबाईलवरून पैसे फिरवणाऱ्याला नाण्याची अफवा बाधत नाही.

वस्तुस्थिती काय आहे ते आधी सांगतो. दोन धातूंचे दहाचे नाणे 2009 पासून व्यवहारात आहे. रुपयाचे आजचे चिन्ह सरकारने स्वीकारले 15 जुलै 2010 रोजी, आणि नाण्यांवर ते आले 2011 पासून. म्हणजे त्याआधी पाडलेल्या नाण्यांवर ते चिन्ह नसणारच. यात संशय घेण्यासारखे काय आहे? रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी पत्रक काढून स्पष्ट केले की दहाच्या नाण्याचे तोवर 14 प्रकारचे नमुने निघालेले आहेत आणि ते सगळे कायदेशीर चलन आहेत. या 14 नमुन्यांतला एक नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 125 व्या जयंतीचा आहे. 6 डिसेंबर 2015 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीत ते नाणे निघाले. म्हणजे आमच्या बाजारात जी नाणी परत केली जातात त्यांत बाबासाहेबांचेही नाणे आहे. नाणे परत करणाऱ्याला बहुतेक वेळा ते ठाऊकही नसते. तेव्हा यात जातीयवाद शोधण्याची घाई करू नये. पण अफवेची मार कोणावर बसते हे मात्र बघावे.

त्याच दिवशी 125 रुपयांचेही एक नाणे निघाले. ते चांदीमिश्रित, डबीत ठेवण्याचे. टाकसाळीकडे पैसे भरायचे, नाव नोंदवायचे आणि घरी आणून कपाटात ठेवायचे. चळवळीतल्या अनेकांनी त्याचा मोठा आनंद मानला. मानावा. पण आम्हाला 1990 चे एक रुपयाचे नाणे जास्त मोलाचे वाटते. जन्मशताब्दीचे ते नाणे चहाच्या टपरीपासून कंडक्टरच्या पिशवीपर्यंत सगळीकडे फिरले, आणि बाबासाहेबांचा चेहरा ज्यांनी कधी हातात धरला नसता अशांच्या हातात तो गेला. पुढे ते दिसेनासे झाले, त्याला आपणच जबाबदार! वस्त्यावस्त्यांत लोकांनी ते खर्चच केले नाही, डब्यात घालून ठेवले. जे चलन माणसाला जास्त मोलाचे वाटते ते बाजारातून नाहीसे होते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम आहे. बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासात तो पानोपानी येतो. त्यांच्याच नाण्याने तो खरा करून दाखवला.

आता चिन्हाकडे येऊ. केंद्रीय अर्थखात्याने 2009 साली खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून जास्त नमुने आले, त्यांतून पाच अंतिम फेरीत आले, आणि मुंबईच्या आयआयटीत डिझाईन शिकलेल्या डी. उदयकुमार यांचा नमुना निवडला गेला. देवनागरी 'र' आणि रोमन लिपीतला 'आर' यांचा मेळ, वर दोन आडव्या रेषा, त्यांच्यामधून दिसणारी मोकळी जागा. तिरंग्याची आठवण व्हावी अशी ही योजना असल्याचे सांगितले गेले. निवडीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात दादही मागितली गेली. चिन्ह टिकले. देखणे आहे, लिहायला सोपे आहे, आम्हालाही आवडते.

पण मार्च 2025 मध्ये तामिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ते न वापरता तमिळ 'रू' हे अक्षर घातले, तेव्हा महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांनी जो थयथयाट केला तो मात्र अजब होता. देशद्रोहापर्यंत गोष्ट गेली. चिन्ह तयार करणारे उदयकुमार स्वतः तमिळ, त्यांचे वडील द्रमुकचे आमदार राहिलेले, हे सांगून तामिळनाडूची टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट विचारात घेतली नाही. ज्या भागात देवनागरी ही घरची लिपी नाही तिथल्या माणसाला 'र' मध्ये आपले काय दिसावे? मराठी माणसाची लिपी योगायोगाने देवनागरी आहे म्हणून आपल्याला तो प्रश्न पडत नाही, इतकेच.

नोटेच्या मागच्या बाजूला भाषांचा जो पट्टा असतो तो कधी बारकाईने वाचला आहे का? तिथे 15 भाषा आहेत. पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आज 22 भाषा आहेत. हिंदी धरून नोटेवर त्यांतल्या 16 येतात, 6 बाहेर राहतात: बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाली आणि सिंधी. आता 2011 ची जनगणना काढा. संथाली ही मातृभाषा सांगणारे 73 लाखांहून जास्त. संस्कृत ही मातृभाषा सांगणारे 24,821. संस्कृतला नोटेवर जागा आहे, संथालीला नाही! 73 लाख लोकांचा कष्टाचा पैसा त्यांच्या भाषेत एक शब्द बोलत नाही. जागा नाही हे कारण आम्ही मानत नाही. मंगळयानाला, लाल किल्ल्याला आणि स्वच्छ भारताच्या चष्म्याला जागा झालीच ना?

या बाबतीत आमच्या जुन्नर परिसराच्या जुन्या राज्यकर्त्यांना जास्त अक्कल होती असे म्हणावे लागते. सातवाहन राजांची राजमुद्रांकित चांदीची नाणी पाहा. एका बाजूला राजाचा चेहरा आणि प्राकृत भाषेत त्याचे नाव, दुसऱ्या बाजूला तेच नाव दक्षिणेकडच्या द्रविड भाषेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचे राज्य दोन भाषिक मुलखांवर होते त्याला नाण्यावर दोन भाषा लागतात हे कळत होते, आणि त्यांपैकी एकही संस्कृत नव्हती.

जुन्नरचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. पर्यटन खात्याच्या पाटीवर जुन्नर म्हणजे शिवनेरी, आणि शिवनेरी म्हणजे शिवजन्म. ते खरेच आहे, आणि शिवरायांनी फारसीच्या काळात 'श्री राजा शिव' अशी देवनागरी अक्षरे तांब्याच्या नाण्यावर घातली, ती शिवराई पुढे दीडदोनशे वर्षे दख्खनच्या बाजारात चालली, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण त्याच शिवनेरीच्या पोटात, समोरच्या लेण्याद्रीत, मानमोडीत, तुळजा लेण्यांत जी बौद्ध लेणी आहेत त्यांच्या भिंतींवर पैशाचा इतिहास कोरलेला आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. आमची पोरे अष्टविनायकाच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांच्या रांगेतून वर जातात आणि शेजारच्या चैत्यगृहातला लेख न वाचता खाली येतात.

घाटघरच्या वर नाणेघाट आहे. कोकणातून देशावर येणारा व्यापारी माल याच घाटाने यायचा, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण अजून उभा आहे. नाणे पडायचे म्हणून नाणेघाट, असे लोक सांगतात. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. इंग्रज अधिकारी साईक्स याने 1828 साली तो जगापुढे आणला. जगभरच्या गणिताच्या इतिहासात या लेखाचे नाव आहे, कारण त्यात अंक कोरलेले आहेत. आज सारे जग जे 1, 2, 3 लिहिते त्या आकड्यांचे पूर्वज ज्या फार थोड्या जागी इतक्या जुन्या काळचे सापडतात, त्यांतली ही एक जागा. शून्य तिथे नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगळी खूण आहे. तरी आकड्यांचे घराणे तेच.

आता ते आकडे कशाचे आहेत तेही सांगितले पाहिजे. ते यज्ञांच्या दक्षिणेचे आहेत. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ झाले, त्यांत गाई किती दिल्या, घोडे किती, हत्ती किती, गाव कोणते आणि कार्षापणे किती. एका ठिकाणी 24,400 कार्षापणांची दक्षिणा नोंदलेली आहे. घाटातून जाणाऱ्या प्रत्येक बैलाच्या पाठीवरच्या ओझ्यावर जकात बसली, ती राजाच्या खजिन्यात गेली आणि तिथून यज्ञवेदीवर बसलेल्यांच्या पदरात पडली. भारतातल्या आकड्यांचा हा इतका जुना पुरावा म्हणजे पुरोहितांच्या मानधनाची पावती आहे! अभिजात मराठीचा गौरव करताना नाणेघाटाचे नाव घेणाऱ्या वक्त्यांनी हेही एकदा व्यासपीठावरून सांगावे.

तिथून उतरून जुन्नरच्या लेण्यांत या. भाषा तीच, लिपी तीच, फार काळाचे अंतरही नाही, पण पैशाची चाल अगदी वेगळी. लेण्याद्रीचे चैत्यगृह कोणा राजाने दिलेले नाही. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा मुलगा सुलसदत्त याचे ते दान. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी टाके आणि मंडप केला, तो लेख मानमोडीत आहे. आणि एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्या ठेवीच्या उत्पन्नातून भिक्खुसंघाचा खर्च चालायचा.

बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी! आजच्या भाषेत बुरूड. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ज्यांचे नाव आहे, सुपे-टोपल्या विणून ज्यांच्या हाताला घट्टे पडतात, त्यांच्या पेशाची संघटना दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर शहरात बँकेचे काम करत होती. लोक तिच्याकडे मुद्दल ठेवत होते, ते कधी काढायचे नाही, व्याज मात्र कायम मिळत राहायचे, अशा विश्वासाने. आज त्याच पेशाचा माणूस बँकेच्या शाखेत कर्ज मागायला गेला तर त्याला जामीनदार दोन लागतात. हे कसे घडले? पेशाची श्रेणी होती तिची जात झाली, आणि जात झाल्यावर तिच्या शब्दाची पत गेली. जातिव्यवस्थेने माणसांची पत कशी लुटली याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दगडात कोरलेला आहे.

या ठेवींचा व्यवहार किती पक्का होता ते नाशिकच्या लेण्यात जास्त तपशिलाने कळते. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापणे ठेवली. 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, 1,000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही हे लिहिलेले आहे, आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवून रीतसर नोंदवले असेही लिहिलेले आहे. वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा, यापेक्षा चांगला दस्त कसा असतो?

याच नहपानाच्या नाण्यांची गोष्ट आजच्या काळाला लागू पडणारी आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,250 नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे: कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह. त्या कमानींच्या चिन्हाला काही अभ्यासक चैत्य म्हणतात, काही डोंगर म्हणतात. तो वाद आम्ही त्यांच्यावर सोडतो. राजा बदलला हे रयतेला कळावे म्हणून त्याने नाण्यावरचे चिन्ह बदलले. पण नाणे त्याने बाद केले नाही. लोकांच्या गाठीला असलेला पैसा पैसाच राहिला.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा घेण्यास मनाई झाली. पश्चिम पट्ट्यातल्या माणसाची बँक म्हणजे जिल्हा बँक आणि गावची सोसायटी. भाताची कापणी-झोडणी चाललेली, हातात आलेली मजुरी जुन्या नोटांत, आणि जवळची बँक ती घेणार नाही. 2 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोटाबंदी चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली. एक मत न्यायमूर्ती नागरत्ना यांचे. असा निर्णय घ्यायचाच होता तर संसदेत कायदा करून घ्यायला हवा होता, असे त्यांनी लिहिले. आमच्या मते इतिहास त्या एका मताच्या बाजूने जाईल.

नोटाबंदीच्या काळात एक संदेश फिरला, अजूनही फिरतो, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे आपलेच लोक तो पुढे पाठवतात: दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये लिहून ठेवले आहे. हा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहा. असा सल्ला त्यात नाही. त्यात जे आहे ते याच्या जवळजवळ उलट आहे. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा त्या ग्रंथाचा कणा आहे. सरकारच्या हाती मोकळीक आली की चलन वाढते, रुपयाची किंमत घसरते, भाव चढतात, आणि मजुरी भावांच्या मागे रखडत राहते. सुवर्ण विनिमय परिमाणाला केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाचा पाठिंबा असताना तिशीतल्या बाबासाहेबांनी त्याला विरोध केला तो याच मुद्द्यावर. 1925 च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांची भूमिका हीच राहिली. त्या आयोगाने 1926 साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक उभी राहिली. बाबासाहेबांचा खरा मोठेपणा एवढा भक्कम असताना खोट्या वाक्यांची टेकू लावण्याची गरज काय?

त्यांना पैशाचा प्रश्न एवढा जवळचा का वाटला असेल? बलुत्याकडे बघितले की उत्तर मिळते. महाराला गावकीच्या कामाचा मोबदला नाण्यात मिळत नव्हता. शिळी भाकर, खळ्यावरचे धान्य, मेलेल्या गुराचे कातडे. ते मोजता येत नाही, साठवता येत नाही, त्यावर उद्या दुसऱ्या गावी जाता येत नाही. मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत गेलेल्या पिढीच्या हातात पहिल्यांदा नाणे पडले. त्यावर पंचम जॉर्जचा मुकुट होता, पण ते नाणे जात विचारत नव्हते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हीच गोष्ट होती: कामाचा दाम ठरलेला असावा आणि तो रोख असावा. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा झाला 1958 चा. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

म्हणून नोटेवर कोणाचे चित्र असावे हा वाद आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. 1949 साली स्वतंत्र भारताची एक रुपयाची नोट निघाली तेव्हा राजाच्या जागी गांधींचे चित्र घालण्याचा विचार झाला होता, नमुनेही तयार झाले होते. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहस्तंभावर. ज्या ठिकाणी तथागतांनी धम्मचक्र प्रवर्तन केले तिथला अशोकाचा सिंह भारताच्या पैशावर आला. गांधींचे चित्र आले 1969 च्या जन्मशताब्दीत, मग 1987 ला पाचशेच्या नोटेवर, आणि 1996 पासून सगळ्या मालिकेवर. सिंह नोटेच्या खिडकीतून निघून कोपऱ्यात गेला. तो जाताना ना संसदेत चर्चा झाली, ना लोकांना कोणी विचारले. 2017 मध्ये दोनशेच्या नव्या नोटेवर सांचीचा स्तूप आला, 2019 मध्ये वीसच्या नोटेवर वेरूळ आले, याचा आनंद आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटेवर लक्ष्मी-गणपती छापण्याची मागणी केली. लगेच कोणी शिवराय सुचवले, काँग्रेसच्या एका खासदाराने बाबासाहेब सुचवले. दोन दिवस वाहिन्यांचा धंदा झाला. देवांची चित्रे नाण्यांवर त्याआधीच येऊन गेली होती. बृहदीश्वर मंदिर आणि वैष्णोदेवी यांची नाणी निघाली, त्यांना आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली फेटाळली.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँक अधिनियम 1934, कलम 25. नोटेचा नमुना, आकार आणि कागद रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीचा विचार करून केंद्र सरकार मंजूर करेल. नाण्यांसाठी नाणे अधिनियम 2011, तिथेही नमुना सरकारच ठरवते. संसद कुठे आहे? लोक कुठे आहेत? अशोकाचा सिंह कोपऱ्यात जातो, संथाली बाहेर राहते, 2016 च्या नोटांवर देवनागरी अंक येतात, हे सगळे याच एका कलमाच्या आडून. अंकांबाबत तर संविधानाच्या अनुच्छेद 343 ने संघराज्याच्या कामासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असे स्पष्ट म्हटले आहे, आणि देवनागरी अंक वापरायचे तर 15 वर्षांनंतर संसदेचा कायदा लागतो. मदुराई खंडपीठात त्यावर याचिका झाली ती उगाच नाही. आमच्या नाणेघाटातून निघून जगभर फिरून आलेले ते 'आंतरराष्ट्रीय रूप' आमचेच आहे, त्याला परके मानण्याचे कारण नाही.

आणखी एक गट आहे ज्याला नमुना ठरवताना कोणी विचारले नाही. अंध माणसे, आणि आमच्या बाजारातल्या अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या, ज्या नोट रंगावरून आणि लांबीवरून ओळखतात. नव्या नोटांत पन्नासपासून पाचशेपर्यंत रुंदी सगळ्यांची सारखी, 66 मिलिमीटर. लांबीत शंभर आणि दोनशेमध्ये फरक 4 मिलिमीटरचा, दोनशे आणि पाचशेमध्येही 4 चाच. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मग 1 जानेवारी 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारे 'मनी' नावाचे मोबाईल ॲप काढले. नोट ओळखायला मोबाईल घ्या!

बाबासाहेबांचे चित्र नोटेवर यावे ही मागणी आम्हीही करतो. पण ती मोर्चात फलक धरून दोन तासांत संपवायची मागणी नाही. कलम 25 मध्ये दुरुस्ती करा, नमुना संसदेपुढे ठेवा, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषा नोटेवर आणा, बोटांना कळेल अशी उठावाची खूण दहाच्या नोटेपासून पाचशेपर्यंत द्या, आणि सारनाथचा सिंह त्याच्या जुन्या जागी परत आणा. या मागणीचा मसुदा करून आपल्या खासदाराला देण्याचे काम प्रत्येक तालुक्याच्या शाखेला करता येईल.

तोवर दहाच्या नाण्याचे काय करायचे ते सांगतो. नाणे अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या कोणत्याही नाण्याने एकूण 1,000 रुपयांपर्यंतचे देणे देता येते. त्याहून जास्त रकमेची नाणी घ्यायची सक्ती कोणावर नाही, हेही लक्षात ठेवावे. नाणे नाकारणाऱ्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल होतो असे जे संदेश फिरतात ते खोटे आहेत, त्यांच्या नादी लागून भाजीवालीशी भांडू नये. तिचीही भीती खरी आहे, तिलाही ते नाणे पुढे खपवायचे आहे. बँकेच्या शाखेला मात्र नाणी नाकारता येत नाहीत. गावात नाणी अडली असतील तर चार-पाच जणांनी मिळून ती शाखेत न्यावीत. घेतली नाहीत तर नकार लेखी मागावा, तारीख-वेळ टिपून घ्यावी आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.